जामीन मिळाला, जामीनदार मिळेना

जामिनाचा आदेश होऊनही सात दिवसांत ज्याची सुटका झाली नाही, अशा बंद्याचं नाव कारागृहाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात तसं घालूनच दिलं आहे. मुंबईतल्या एका कारागृहाकडून आलेल्या अशाच यादीत त्याचं नाव होतं. उपनगरातल्या एका सोसायटीचा वॉचमन, मूळचा नेपाळमधल्या अछाम जिल्ह्यातला, आरोप चोरीचा. पंधरा हजारांच्या जामिनाचा हुकूम होऊन तीन महिने उलटले होते आणि माणूस आतच.

प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील म्हणून काम करताना हे मी सतत पाहते. गरिबाला वकील मिळत नाही म्हणून तो अडकतो, असं बाहेर समजतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. खरं घोडं पुढेच अडतं. जामीनदार हवा, तो मुंबईतलाच हवा, त्याचं रेशनकार्ड हवं, पगाराची स्लिप नाहीतर ऐपतीचा दाखला हवा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे राहायला, कामधंदा करायला मोकळीक आहे. पण त्याच्यासाठी सही करायला कोण येणार? जिन्याखालची खोली एवढाच त्याचा पत्ता, आणि अटकेनंतर सोसायटीने तीही काढून घेतली होती.

त्याची बायको कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. चार घरची धुणीभांडी करते, मुलाला घेऊन नात्यातल्या एका वॉचमनकडे राहते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं नागरिकतेचं प्रमाणपत्र, मुलाचं महापालिका शाळेतलं प्रगतिपुस्तक आणि मोबाईल नंबर लिहिलेली एक चिठ्ठी होती.

“इनको बारा हजार दिया, मॅडम. बोले, जामीनदार लाके देंगे.”

पावती नव्हती. कानातलं विकून पैसे उभे केले होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे घेऊन जामीनदार मिळवून देतो म्हणणारे हे दलाल कोर्टाच्या आवारात उघडपणे फिरतात, आणि मोफत वकिलाची खोली त्याच इमारतीत असते.

जामिनाची अट शिथिल करण्याचा अर्ज त्याच दिवशी बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत होता. मी १९७८ चा मोती राम खटला पुढे ठेवला. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याचा भाऊ परजिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा नकाराला ठाम विरोध केला होता. शिवाय महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं, हेही २०२३ च्या आदेशातच आहे.

सरकारी वकील म्हणाले, “सीमा उघडी आहे, साहेब. एकदा गेला की आणायचा कुठून?”

हा मुद्दा पोकळ नव्हता. फरार आरोपींमुळे रखडलेल्या फायली त्याच टेबलावर असतात. म्हणून मी मुलाची शाळा आणि बायकोची कामाची घरं सांगितली. त्या घरांपैकी एका घरच्या आजी स्वतः आल्या होत्या. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, “आजी, तुम्ही जामीन राहता का?”

“राहिले असते हो. पण रेशनकार्ड मुलाच्या नावावर आहे आणि तो नको म्हणतो. मी आजारी असताना औषधं हाच आणायचा, उरलेली चिल्लर मोजून हातावर ठेवायचा. एवढंच सांगायला आले.”

कायद्याच्या लेखी याला पुरावा म्हणत नाहीत. तरीही साहेबांनी पेन खाली ठेवून ते ऐकून घेतलं, याचं मला फार मोल वाटतं. घरच्यांचं मन मोडून, उन्हातान्हात वॉचमनसाठी कोर्टात येणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत.

जामीनदाराची अट निघाली. पंधरा हजारांचा वैयक्तिक जातमुचलका (आरोपीने स्वतःच लिहून दिलेली हमी), तीन हजार रोख, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय मुंबई सोडायची नाही. तीन हजार ओळखीच्या वॉचमननी तासाभरात जमवले. दलालाने घेतलेल्या रकमेचा हा चौथा हिस्सा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सुटला. खटला अजून चालायचा आहे आणि तो दोषी की निर्दोष, हे त्यातच ठरेल.

दलालाविरुद्ध तक्रार लिहून देते, असं मी तिला म्हणाले. ती चटकन “नको” म्हणाली. तारखांना इथेच यायचंय, तो माणूस रोज इथेच असतो, आणि नवऱ्याची अजून जागा ठरलेली नाही, ही तिची कारणं. मी आग्रह धरला नाही. तिचं नाव न घेता प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवलं आणि मोफत वकिलाच्या खोलीची पाटी हिंदीतही, थेट प्रवेशद्वारापाशी लावावी, अशी मागणी केली. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक तिच्या चिठ्ठीच्या मागे लिहून दिला.