लाईन गेली तरी ऑब्जेक्ट टिकला पाहिजे : ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याचा माझा अनुभव

ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली तेव्हा एकच गोष्ट पक्की होती : तिच्यात फाइल नसेल. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमने जवळजवळ सगळ्यालाच फाइल मानलं. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. डिस्क असो की प्रिंटर, या चार क्रियांत बसवायचं आणि जे बसत नाही त्यासाठी 'आयओसीटीएल' नावाचं मागचं दार ठेवायचं. मला प्रत्येक वस्तूला, म्हणजे ऑब्जेक्टला, तिच्या स्वतःच्या क्रिया हव्या होत्या. घड्याळाला वेळ विचारावी, पत्राला छापून घ्यायला सांगावं. ते पत्र डिस्कवर आहे की मेमरीत, याची उठाठेव वापरणाऱ्याने का करावी?

कल्पना जुनीच आहे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग यांनी १९७०च्या दशकात स्मॉलटॉक ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली. तिच्यात सगळे ऑब्जेक्ट, आणि ते एकमेकांना निरोप पाठवतात. १९८९च्या नेक्स्टस्टेप या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये वरचा थर सुंदर ऑब्जेक्टचा, पण खाली माक हा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि युनिक्स, आणि फाइल ती फाइलच. मला हे तळापासून हवं होतं.

मी दारव्हा तालुक्यातला. अमरावतीला इंजिनिअरिंग करून गावी आलो. दिवसा शेती, रात्री जुना डेस्कटॉप. इंटेलच्या मॅन्युअलचा सिस्टीम प्रोग्रॅमिंगचा भाग मोबाइलच्या नेटवर उतरवून घेतला आणि तोच गुरू केला.

बूटचं, म्हणजे मशीन सुरू होताना सिस्टीम मेमरीत चढवण्याचं काम ग्रब या तयार प्रोग्रॅमवर सोपवलं, त्यात फार जीव घातला नाही. खरी झुंज सी++ या भाषेशी. खाली ऑपरेटिंग सिस्टीमच नसल्यावर नवा ऑब्जेक्ट मागायला 'न्यू' म्हटलं तरी मेमरी देणार कोण? तो वाटप करणारा आपणच लिहायचा. ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर, म्हणजे जन्मताना त्यांना तयार करणारी फंक्शन, हीसुद्धा कुणी आपोआप चालवत नाही. कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरकडून त्यांची यादी एका जागी गोळा करून घ्यायची आणि कर्नल सुरू होताच एकेकाला हाक मारायची. इंटरप्टची, म्हणजे हार्डवेअर प्रोसेसरला मारतं त्या हाकेची, गंमत वेगळी. जुन्या मांडणीत टायमरचा इंटरप्ट ८ क्रमांकावर येतो आणि प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ म्हणजे डबल फॉल्ट. टायमरची साधी टिकटिकही प्रोसेसरचा घोर अपघात वाटते. म्हणून सगळ्यात आधी ते क्रमांक ३२पासून पुढे सरकवायचे.

इथवर आलो तेव्हा एका रात्री लाईन गेली. बाबा कूलरमध्ये पाणी टाकत होते.

"लाईन गेली का तुयं सारं पुसल्या जाते काय रे?"

"सेव्ह नाही केलं ते जाते, बाबा."

"मंग ते मशीनले समजत नाही काय? आपल्या मोटरीले ऑटो लावला हाय. लाईन आली का आपोआप सुरू होते."

मी रात्रभर त्याच प्रश्नावर होतो. फाइल नाही म्हटल्यावर 'सेव्ह' तरी कशाला? ऑब्जेक्ट एकदा जन्मला की तो असलाच पाहिजे. स्मॉलटॉक अख्ख्या मेमरीची इमेज डिस्कवर ठेवायची; कीकॉस या ऑपरेटिंग सिस्टीमने तर ठरावीक वेळाने सगळ्या सिस्टीमचा चेकपॉइंट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, डिस्कवर घेऊन दाखवला होता. तीच वाट धरली.

इथे सी++ने पुन्हा अडवलं. ज्या ऑब्जेक्टला व्हर्च्युअल फंक्शन असतात, त्याच्या पोटात कंपायलर व्हीटेबलचा, म्हणजे त्या फंक्शनच्या यादीचा, पत्ता ठेवतो. कर्नल नव्याने कंपाइल केला की तो पत्ता बदलतो. डिस्कवरून उचललेल्या जुन्या ऑब्जेक्टला हाक मारली की प्रोसेसर भलतीकडेच उडी मारतो आणि मशीन रीसेट. म्हणून डिस्कवर पत्ता ठेवायचाच नाही, क्लासचा क्रमांक ठेवायचा आणि उचलताना नवा पत्ता चिकटवायचा. ऑब्जेक्ट एकमेकांना ओळखतात तेही क्रमांकानेच. कीबोर्ड, डिस्क, टायमर हे मात्र या हिशेबात नाहीत. हार्डवेअर दर वेळी कोरं सुरू होतं, म्हणून त्यांचे ऑब्जेक्टही दर बूटला नव्याने जन्मतात.

चेकपॉइंटसाठी डिस्कवर दोन जागा राखल्या. दर दहा सेकंदांनी आलटून पालटून लिहायचं. आधी सगळा मजकूर, मग डिस्कला फ्लशची आज्ञा, आणि अगदी शेवटी ५१२ बाइटचा एकच सेक्टर : त्यात क्रमांक आणि चेकसम, म्हणजे मजकूर शाबूत आहे का हे पडताळणारा आकडा. फ्लश गाळून चालत नाही, कारण डिस्क 'लिहिलं' म्हणते तेव्हा मजकूर तिच्या कॅशमध्येच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतच, असू शकतो. सुरू होताना दोन्ही सेक्टर तपासायचे; चेकसम जुळतो त्यांतला मोठ्या क्रमांकाचा घ्यायचा. लिहिता लिहिता लाईन गेली तरी आधीचा चेकपॉइंट शाबूत.

क्यूईएमयू या सॉफ्टवेअरमधल्या नकली मशीनवर हे कितीदा मारून पाहिलं. पण खरी परीक्षा कापसाच्या दिवसांत झाली. मजुरांच्या वेचणीचा हिशेब, नाव आणि किलो, मी याच सिस्टीमवर टाकत होतो आणि लाईन गेली. बायोसमध्ये वीज परतली की मशीन आपोआप सुरू होण्याची सोय लावून ठेवली होती. लाईन आली, पडदा उजळला, हिशेब समोर. नुकताच टाकलेला शेवटचा आकडा तेवढा नव्हता, तो दहा सेकंदांच्या आतला. बाबांनी वरपासून खालपर्यंत यादी वाचली आणि तो आकडा स्वतः सांगितला.

आता नवीन पेच आहे. ऑब्जेक्ट मरत नाही, म्हणजे बिघडलेला ऑब्जेक्टही मरत नाही. 'बंद करून चालू कर' हा सगळ्यांचा हुकमी इलाज इथे चालत नाही, बिघाड जशाच्या तसा परत येतो. त्यासाठी दोनाऐवजी जास्त चेकपॉइंट ठेवून मागे जाता येईल अशी सोय करतो आहे. कुणाच्याच ओळखीत न उरलेले ऑब्जेक्ट डिस्कवरून झाडणारा गार्बेज कलेक्टर त्यानंतर.