नऊ दिवस हात लावायचा नाही, दहाव्या दिवशी चोळायचे

दिवाळीची धावपळ संपल्यावर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी केशरोपण करून घेतले. महिना जाणीवपूर्वक निवडला होता, कारण ठाण्यातल्या मे महिन्याचा घाम आणि जुलैचा दमटपणा ताज्या जखमांच्या डोक्यावर वागवण्याची माझी तयारी नव्हती. भेटणारा प्रत्येक जण किती ग्राफ्ट, म्हणजे केसांची मुळे, बसवले आणि किती खर्च आला एवढेच विचारतो. टेबलावर पालथे पडून राहण्याचे काम एका दिवसात संपते आणि ते बहुतांशी दुसऱ्यांचे असते. त्यानंतरचा पंधरवडा मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतो, आणि त्याविषयी फारसे कोणी विचारत नाही.

डोक्याच्या मागच्या भागातून एकेक मूळ बारीक नळीसारख्या पात्याने काढून पुढे बसवले जाते. मागचे केस टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला सहसा दाद देत नाहीत आणि जागा बदलली तरी तो गुण टिकवून ठेवतात, यावर हा सारा खटाटोप उभा आहे. बसवलेले मूळ सुरुवातीला केवळ वाळत चाललेल्या रक्ताच्या व जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाच्या आधाराने छिद्रात टिकून असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते ओढले गेले तर सहज निघून येते. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत ते चांगले धरते. सगळी पथ्ये या एका गोष्टीतून निघतात, हे कळल्यावर ती जाचक वाटेनाशी झाली. पहिल्या काही रात्री पाठीशी उशा रचून, मानेखाली प्रवासातली गोल उशी घेऊन अर्धवट बसून झोपायचे, गळ्यातून ओढून घालायचे टी-शर्ट बाजूला ठेवून बटणांचे शर्ट वापरायचे, जागे असताना सलाइनचा फवारा मारत राहायचे. तिसऱ्या दिवशी कपाळ सुजले आणि सूज डोळ्यांवर उतरली, तेव्हा घरचे घाबरले. परंतु भूल देताना टोचलेले द्रव असेच खाली उतरते आणि दोन-चार दिवसांत ओसरते, हे मला आधी सांगितलेले होते.

आधी नीट सांगितले नव्हते ते धुण्याविषयी. हातात दिलेल्या झेरॉक्स कागदावर ‘हलक्या हाताने धुवावे’ एवढेच लिहिले होते, आणि फोन केल्यावर तेच वाक्य पुन्हा ऐकवण्यात आले. हलका हात म्हणजे किती हलका, हे अखेर तपासणीच्या दिवशी तिथल्या परिचारिकेने करून दाखवले. सौम्य शाम्पूचा फेस तळहातावर करायचा, तो रोपण केलेल्या भागावर वरून ठेवायचा, बोटे फिरवायची नाहीत, पाच-सात मिनिटे थांबायचे आणि मग कोमट पाणी ओतायचे. आमच्या घोडबंदर रोडच्या इमारतीत शॉवरला पंपाचा असा जोर आहे की त्याखाली उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता. माळ्यावरचा आजीचा तांब्या खाली आला आणि पत्नीने तीन आठवडे त्याने पाणी घातले. अभिषेकाचे विनोद झाले, तेही सहन केले. टॉवेल पुढच्या भागाला लावायचाच नाही. मागचा भाग तेवढा टिपून घ्यायचा.

खरी अडचण दहाव्या दिवशी आली. तोपर्यंत प्रत्येक मुळाभोवती तांबूस खपली धरलेली होती, आणि आता डॉक्टर म्हणाले, चोळा. नऊ दिवस ज्या हाताला धाक घातला, त्याच हाताला एका सकाळी चोळायला सांगणे मला अजिबात जमेना. परंतु खपल्या दोन आठवड्यांपलीकडे राहिल्या तर खाज वाढते, खाली पू धरू शकतो आणि त्या काढणेही अवघड होते. फेस लावून दहा मिनिटे भिजू द्यायचे आणि नखे अजिबात न लावता बोटांच्या पेरांनी लहान वर्तुळे काढायची, असा तो प्रकार आहे. मला सगळ्या खपल्या काढायला तेरावा दिवस उजाडला. खपलीबरोबर केस आला की काळजात धस्स होते. तो केसाचा दांडा असतो, मूळ आत राहिलेले असते. मूळच निघाले तर, विशेषतः पहिल्या दिवसांत, ताजे रक्त दिसते. तसे दिसले तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठावे.

बाहेर पडल्यावर मला लोकलच्या गर्दीपेक्षा रिक्षाची भीती अधिक वाटली. ऐरोलीच्या गाडीत निदान समोरच्याचे कोपर दिसते. रिक्षात शिरताना वरचा दांडा डोक्याला लागतो तो लागल्यावरच कळतो. स्कूटर महिनाभर उभी ठेवली, कारण हेल्मेट नको आणि हेल्मेटशिवाय चालवणे त्याहून नको. उपवन तलावाला फेरी ऊन उतरल्यावरच. सिगारेट मी ओढत नाही. ओढणाऱ्यांनी त्याविषयी डॉक्टरांचे बोलणे मनावर घ्यावे, कारण तिने रक्तपुरवठा आकसतो.

आईचा आक्षेप एकच होता. “अरे, तेल न लावता केस कधी उगवलेत का?” तेलापेक्षा तेल लावणारा अंगठा घातक, हे तिला पटवताना माझी दमछाक झाली. तिसऱ्या आठवड्यापासून रोपलेले केस गळू लागले आणि महिन्याभरात डोके पूर्वीइतकेच मोकळे दिसू लागले, तेव्हा तिचा मुद्दा सिद्धच झाला. ही गळ ठरलेलीच असते. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर येऊ लागतात आणि पूर्ण चित्र दिसायला वर्ष लागते. जुन्या केसांसाठीची औषधे कधी सुरू करायची, हे ज्याचे त्याने डॉक्टरांना विचारावे.

आता एप्रिल आहे. कपाळाच्या वर बारीक, वेडेवाकडे केस दिसतात आणि एका पट्ट्यात अजून बधिरपणा आहे. डॉक्टरांनी तेलाला परवानगी दिल्यावर गेल्या रविवारी आईने वाटी कोमट करून आणली, मागच्या भागाला लावले आणि पुढे येताच हात थांबवून विचारले, “इथे लावू का रे?”