झाडपाला करावा की डॉक्टरांना बोलवावे?

गाय किंवा म्हैस आजारी पडली की आधी झाडपाल्याचे औषध करावे की लगेच डॉक्टरांना बोलवावे, हे आमचा गोठा पाहायला येणारे जवळजवळ सगळेच मला विचारतात. विचारणाऱ्याला बहुधा एका बाजूचे ठाम उत्तर हवे असते आणि ते मला देता येत नाही; आजार कोणता आहे आणि तो हाताशी किती वेळ ठेवतो, यावर सगळे अवलंबून असते.

झाडपाल्याचा गुण मी सर्वांत खात्रीने सांगू शकतो तो दगडीच्या, म्हणजे काससुजीच्या बाबतीत. दुधात गाठी दिसू लागल्या, कास गरम आणि कडक लागली, की 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद आणि 10 ग्रॅम चुना एकत्र वाटून घ्यावा, सडांतील दूध पूर्ण पिळून काढावे, कास धुऊन कोरडी करावी आणि त्या लगद्यातील मूठभर भाग थोड्या पाण्यात पातळ करून संपूर्ण कासेला लावावा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवलेली कृतीही हीच आहे आणि तिच्यातील ज्या भागाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात तो म्हणजे वेळा: हा लेप दिवसातून आठ-दहा वेळा, असा पाच दिवस लावायचा असतो. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी दोनदा लावून ‘गुण आला नाही’ म्हणणाऱ्यांची तक्रार मी औषधाविरुद्धची मानत नाही. सडात प्रतिजैविकाची नळी सोडली की त्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध विकता येत नाही आणि तरीही पुष्कळ जण ते डेअरीला घालतात. सुरुवातीच्या दगडीत लेपाने काम भागले तर हा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र जनावराने वैरण सोडली, अंगात ताप भरला किंवा दूध पाण्यासारखे अथवा रक्ताळ येऊ लागले, तर लेप चालू ठेवूनही त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे, कारण एकदा निकामी झालेले सड पुन्हा दूध देत नाही.

जुवाने खांदा सोलवटला तर हळद आणि तेल, जंतांसाठी पळसपापडी, हगवणीसाठी कुड्याची साल, हे उपाय घरोघरी ठाऊक आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. वासराच्या हगवणीत मात्र सालीच्या काढ्यापेक्षा मीठ-गुळाचे पाणी मला अधिक मोलाचे वाटते, कारण वासरू बहुधा दगावते ते अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे.

गोचिडांवर निंबोळी अर्क किंवा करंजाचे तेल लावतात, तेही ठीक. परंतु गोचीड आयुष्याचा बराच काळ जनावराच्या अंगावर नसतोच. मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि गोठ्याच्या भेगांत, दगडांच्या फटींत हजारोंनी अंडी घालते. भिंती लिंपल्याशिवाय आणि फटी बुजवल्याशिवाय केवळ गाईला तेल चोपडत राहणे व्यर्थ आहे. शिवाय संकरित गाईला गोचीडताप आला, खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, डोळे पांढरे फटक पडू लागले, तर तेथे कोणताही पाला पुरत नाही.

घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या झपाट्याने जीव घेणाऱ्या साथीच्या रोगांविषयी माझे मत याहून कडक आहे. घसा सुजून घरघर लागली किंवा मांडीच्या फऱ्यावर दाबल्यास चरचरणारी सूज आली, की हाताशी काही तासच असतात आणि ते पाला शोधण्यात घालवणे मला अक्षम्य वाटते. यांवरचा खरा उपाय पावसाळ्यापूर्वीची लस आहे. गोठेच्या गोठे ओस पाडणारी बुळकांडी, म्हणजे गाई-म्हशींची जीवघेणी साथ, 2011 मध्ये जगातून संपली, तीही लसीमुळेच; तोवर तिच्यावर शेकडो मुळ्या उगाळल्या गेल्या असतील. (आजारी जनावराला तापल्या लोखंडाने डाग देण्याच्या प्रथेबद्दल मला विचारूच नये.)

जुन्या जाणत्यांकडून उचलावे असे खूप आहे आणि त्यात वनस्पतींपेक्षा निरीक्षण मला वरचे वाटते. ही माणसे औषध काढण्याआधी जनावर रवंथ करते का, नाकपुडी ओली आहे की कोरडी, कान थंड आहेत का, शेण कसे पडते, हे पाहत. आज मोबाइलवर फिरणाऱ्या कृतींत वनस्पतीचे नाव असते, पण ती कोणत्या लक्षणावर, किती वजनाच्या जनावराला आणि किती द्यायची, हे नसते. सीताफळाच्या बियांची पूड जखमेतल्या अळ्या मारते, पण डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा करते. तंबाखूचे पाणी गोचिडांना मारते आणि पोटात गेले किंवा जखमेतून शोषले गेले तर वासरालाही मारू शकते. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज ज्याने घाणेरी खाऊन कावीळ झालेले किंवा कोवळ्या ज्वारीने किराळ लागलेले, म्हणजे तिच्यातील विषाची बाधा झालेले, जनावर पाहिले आहे त्याच्याजवळ टिकत नाही.

पाजण्याच्या पद्धतीनेही घात होतो. बांबूच्या नळीने काढा पाजताना मान फार उंच करू नये, जीभ ओढून धरू नये, थोडे थोडे पाजावे आणि ठसका लागताच मान सोडून द्यावी, नाहीतर काढा फुप्फुसात जातो. जनावर आडवे पडलेले असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडाने काहीच पाजू नये. डॉक्टर आल्यावर काय दिले, किती दिले आणि केव्हा दिले, हे संकोच न करता सांगावे. ते रागावतील म्हणून लपवले, तर पोटात गेलेल्या औषधाचा परिणाम कोणता आणि आजाराचे लक्षण कोणते, हे त्यांना ओळखता येत नाही.