यांको कॅमेरो खरी कशी ओळखायची

जुन्या गाडीचा विषय निघाला की दांडिया बाजारातल्या आमच्या मामांचं ठरलेलं असतं, आरसी बुक काढ, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घास, इंजिन नंबर बघ, दोन्ही जुळले की गाडी खरी. आपल्याकडे ते बरोबरच आहे हो, पण डीलरने बदल करून विकलेल्या अमेरिकन मसल कारला, म्हणजे मोठं इंजिन घातलेल्या दणकट गाडीला, हा नियम लावला की सगळं उलटंपालटं होतं.

यांकोचंच घ्या ना. डॉन यांको, पेनसिल्वेनियातल्या कॅनन्सबर्गचा शेव्हरोले डीलर. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने तेव्हा शेव्हरोलेच्या कॅमेरोसारख्या गाड्यांत 400 क्युबिक इंचाच्या वरचं इंजिन द्यायचं नाही असं ठरवलेलं, मग या पठ्ठ्याने 1967 मध्ये 396 क्युबिक इंचवाल्या कॅमेरो मागवल्या, वर्कशॉपमध्ये ते इंजिन उतरवलं आणि 427 बसवलं, म्हणजे तब्बल सात लिटर (मामांचा प्रश्न: अ‍ॅव्हरेज किती देते?). आता बघा, अस्सल 67 च्या यांकोत कारखान्यातलं मूळ इंजिन नसणारच! ते जुळलं तरच संशय घ्यायचा.

1969 ला मात्र यांकोने कोपो 9561 या, कंपनीच्या सेंट्रल ऑफिसमार्फतच्या स्पेशल ऑर्डरवर 427 थेट कारखान्यातूनच बसवून घेतलं, 425 हॉर्सपॉवरचं. इथे नंबर जुळायलाच हवा. पण गोची अशी की चेसिस नंबरावरून फक्त व्ही-8 कॅमेरो एवढंच कळतं, कुठलं व्ही-8 ते नाही. त्यामुळे साधी व्ही-8 घ्यायची, पट्टे मारायचे, हेडरेस्टवर यांकोचं एसवायसी हे चिन्ह लावायचं, झाली यांको तयार. म्हणून जाणकार टॉर्च मारून आधी इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबराचा पॅड बघतात, तिथे कारखान्याच्या मशीनच्या बारीक समांतर रेघा असतात, जुना नंबर घासून नवा ठोकला की त्या जातात. हल्ली रेघाही खोट्या पाडतात, तो भाग वेगळा.

जनरल मोटर्सच्याच पॉन्टियाक गाड्यावाल्यांचं बरंय, कंपनीच्या जुन्या बिलांची नक्कल अजून मिळते. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेचं तसं रेकॉर्ड नाही, त्यामुळे डीलरचं बिल आणि वॉरंटीची ती धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट यावरच सगळी भिस्त, आणि प्लेटसुद्धा नवी बनवून मिळते! म्हणून 67 ची असेल तर मी इंजिनापेक्षा पहिल्या मालकापासूनच्या कागदांना जास्त किंमत देईन. बाकी क्लोनचं, म्हणजे साध्या गाडीपासून केलेल्या नकलेचं, मला वावडं नाही, मजा तीच येते, फक्त विकताना तोंडाने क्लोन म्हणा आणि पैसेही क्लोनचेच घ्या.