मीटरवर किती वाजलेत?

"उपाशीपोटीची नोंद आढळली नाही." हे लाल अक्षरांतलं वाक्य मी नऊ दिवसांत किती वेळा वाचलं, याचा हिशेब नाही.

आईच्या डायबेटिसचा फॉलोअप व्हिडिओ कॉलवर करायचं ठरलं तेव्हा वाटलं, चला, प्रवास वाचला, रांग वाचली. नावनोंदणी, जुने रिपोर्ट वगैरे तासाभरात उरकलं. गाडी अडली शेवटच्या पानावर. गेल्या १४ दिवसांची शुगर ग्लुकोमीटरमधून ॲपमध्ये घ्यायची होती आणि त्यात सकाळी ५ ते ९ या वेळेतल्या नोंदी हव्याच होत्या. त्या नसतील तर अपॉइंटमेंट नाही.

आमच्या आईइतकी शिस्तीची पेशंट शोधून सापडणार नाही. उठल्या उठल्या हात धुऊन बोट टोचणार. मग वहीत, पट्टीने आखलेल्या रकान्यात, 'उ.पो.' आणि 'जे.नं.' असं लिहून आकडा मांडणार. आणि ॲप म्हणतंय, नोंदच नाही.

मदतकेंद्राला फोन केला. ॲप काढून परत टाका. टाकलं. ब्लूटूथ तोडून परत जोडा. जोडलं. तिसऱ्या दिवशी वैतागून वहीच्या पानांचे फोटो पाठवले, तर हाताने लिहिलेल्या नोंदी चालत नाहीत म्हणे. पाचव्या दिवशी ईमेल आला: तुमचा डेटा आमच्याकडे व्यवस्थित पोचला आहे. त्याच ईमेलमध्ये दोन ओळी खाली: अर्ज अपूर्ण असल्याने पुढे पाठवता येत नाही. त्या दिवशी मी फोनवरच्या मुलीवर आवाज चढवला. तिच्यासमोरही बहुधा तेच लाल वाक्य असणार, हे फोन ठेवल्यावर सुचलं.

सगळ्यात लागलं ते आईचं. "अरे, माझंच काहीतरी चुकत असेल," म्हणून तिने सकाळी दोन-दोनदा टोचायला सुरुवात केली. तिच्या अनामिकेच्या कडेला बारीक काळ्या ठिपक्यांची रांग झाली होती. (टोचायचं ते बोटाच्या कडेलाच, मधल्या गुबगुबीत भागावर नाही; तिथे जास्त दुखतं. आणि रोज बोट बदलायचं. हे आईला माहीत होतं, पण त्या आठवड्यात तिने त्या एकाच बोटाचा पिच्छा पुरवला.)

नवव्या दिवशी दवाखान्यातल्या डायबेटिस एज्युकेटर (पेशंटला डायबेटिसची काळजी शिकवणाऱ्या) बाईंचा फोन आला, तोही भलत्याच कामासाठी. आईची औषधं तपासून घ्यायची होती. बोलता बोलता त्यांनी आलेख उघडला असावा.

"काकू, रात्री अडीचला उठून शुगर का बघता?"

"रात्री कशाला उठू? दुपारी जेवल्यावर दोन तासांनी बघते."

"बरं, मीटर हातात घ्या. त्यावर आत्ता किती वाजलेत?"

"सव्वाअकरा."

"आणि शेजारी बारीक अक्षरात?"

आईने चष्मा वर सरकवून मीटर डोळ्यांजवळ नेलं. "पी. आणि एम."

सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.

महिन्याभरापूर्वी मीटरचा सेल मीच बदलला होता. सेल काढला की आमच्या मीटरचं घड्याळ पुसलं जातं. मी घाईत वेळ लावली आणि एएम-पीएमकडे बघितलंच नाही. त्यामुळे सकाळी सातची ११८ ॲपमध्ये संध्याकाळी सातला दिसत होती आणि दुपारी अडीचची २१४ मध्यरात्री. चूक माझी, कबूल. पण नऊ दिवसांत "घड्याळ बघा" एवढं एकालाही सुचू नये?

आता हे नुसत्या फॉर्मपुरतं नव्हतं, म्हणून एवढं लिहितोय. आई रात्री दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन घेते. मध्यरात्री २१४ बघून कुणी तो डोस वाढवला असता, तर तिची खरी सकाळची ११८ कुठे गेली असती? ७० च्या खाली गेली की ती हायपो, म्हणजे शुगर धोकादायक कमी होणं, आणि तेही झोपेत. फॉर्मने अडवलं ते एका अर्थी बरंच झालं, असं कौतुक मात्र मी करणार नाही. त्याने चुकीच्या कारणासाठी अडवलं होतं.

एज्युकेटर बाईंनी नोंदींवर शेरा मारला आणि वहीचे फोटो जोडले. तेच, न चालणारे. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली.

कॉल वीस मिनिटांचा झाला, छान झाला. डॉक्टरांनी दुपारचं इन्सुलिन कॅमेऱ्यासमोर घेऊन दाखवायला सांगितलं. दवाखान्यात हे आजवर कुणी बघितलं नव्हतं. आई रोज बेंबीच्या उजव्या बाजूला त्याच जागी घेत होती आणि इन्सुलिनच्या पेनचं बटण दाबलं की लगेच सुई बाहेर. डॉक्टरांनी तिला तिथे बोटांनी चाचपायला लावलं. मऊशी गाठ होती. अशा गाठीतून इन्सुलिन धड शोषलं जात नाही, म्हणून दुपारचा आकडा चढत होता. जागा बदला, बटण दाबल्यावर दहा अंक मोजा, मगच सुई काढा. नव्या जागी इन्सुलिन जास्त लागू पडेल म्हणून डोस उलट थोडा कमीच केला.

तेव्हा कॉलआधी इन्सुलिनचं पेन, सुया, मीटर, वही हाताशी ठेवा. उजेड चेहऱ्यावर पडेल असं बसवा, आमची आई पहिली पाच मिनिटं नुसती सावली होती. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, चार दिवस आधी करून ठेवा. आणि हो, पायाची संवेदना तपासणं आणि डोळ्यांचा पडदा बघणं फोनवर होत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा जावंच लागतं. शुगर खूप चढली आणि उलट्या होत असतील तर कॉलची वाट बघायची नाही, थेट दवाखाना.

घड्याळाचा प्रश्न फॉर्ममध्ये घाला, असं मी त्यांना लिहून पाठवलं. सूचना संबंधित विभागाकडे दिली, असं उत्तर आलं. काल पुढच्या कॉलसाठी तोच फॉर्म पुन्हा भरला. घड्याळाबद्दल अवाक्षर नाही, आईचं वजन मात्र दोनदा विचारलंय.