भरीत पार्टीतलं गोल्फ

"मंग हा खड्डा रोज जागा बदलतो?" वांगी ठेचता ठेचता आप्पांचा हात थांबला.

काल रावेरजवळ आमच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पुण्याहून आलेले दोघे चुलतभाऊ तासभर त्यांच्या गोल्फ क्लबच्या मैदानावरूनच वाद घालत होते. सातव्या होलचा बंकर (वाळूचा खड्डा) खोल केला ते बरं की वाईट, नव्या ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला) उतार जास्त झालाय का, वगैरे. मला अर्धं कळलं नाही.

भावांनी आप्पांना समजावलं: होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, व्यास सव्वाचार इंच. सारखं एकाच जागी गवत तुडवलं जाऊ नये म्हणून माळी तो बुजवून दुसरीकडे पाडतात. हे आप्पांना लगेच पटलं. "बरोबर हाये. केळीवर केळी घेतली की जमीन थकतेच." स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला १७६४ साली २२ होलचं मैदान १८ वर आणलं, हेही त्यांनी मान डोलवत ऐकून घेतलं.

मग विचारलं, "गवताला पानी कसं देता? ठिबक?"

"नाही आप्पा, स्प्रिंकलर."

"अन् कापलेलं गवत कोनाच्या गुरांना जातं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं खेळतायत, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. खरं तर आप्पांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

कळण्याच्या पुऱ्या आल्या आणि विषय बदलला. रात्री अकराला लाइट आली तसे आप्पा बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला निघाले. बोअर यंदा आणखी खाली गेलीय.

मी मात्र अजून त्या गवतापाशीच अडकलोय. कुठे जात असेल हो ते?