शिमगा, धुरा आणि उपवासकाळ

शुक्रवार, रात्री

हरभरा सोंगून झाला. पहाटेच निघावं लागतं, ऊन चढलं की घाटे फुटून दाणा तिथंच सांडतो. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबेनं हात अजून चरचरतात, त्यामुळे आज थोडंच लिहीन म्हटलं होतं. पण डोक्यातलं कागदावर उतरल्याशिवाय झोप यायची नाही.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार सोडून, चाळीस दिवसांचा आमचा उपवासकाळ. शिमगा बहुतेक वर्षी ह्यातच येतो. आम्ही मांसमच्छी सोडून प्रार्थनेला बसलेलो आणि बाहेर गावभर बोंबा. त्याचं काही वाटत नाही. होळीतल्या शिव्या सगळ्या गावाच्या असतात, कुण्या एकाच्या नावानं नसतात.

चुलतभावाचं बोलणं मात्र माझ्याच नावानं होतं. आमचा वाद धुऱ्याचा, म्हणजे दोघांच्या शेतांमधल्या बांधाचा. दरवर्षी नांगरताना त्याचं तास, म्हणजे नांगराची ओळ, इकडे सरकतं. पानठेल्यावर मी विषय काढला, तर चार माणसांत म्हणाला, "अबे, तुमच्या देवानं तं एका गालावर खाल्ली अन् दुसरा समोर केला म्हनते. मंग तू कायले एवढा तनतन करून रायला? बाटग्या बापाचं पोरगं!" सगळे हसले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, ते हसणाऱ्यांपैकी दोघांच्या पेरणीला बियाणं देत असत. मी काही न बोलता घरी आलो.

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, हे कळलं तेव्हा शाबासकी मिळाली. क्षमा केलीस, बरं केलंस, म्हणाले. मला ते पटेना. मी क्षमा कुठं केली होती? मी फक्त गप्प बसलो होतो, आणि आत त्याला रोज नवीन उत्तर तयार करत होतो.

आमचे जुने पाळकसाहेब यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, शिकलेले, ती १९८३ साली पुण्याला गेली त्याच्या आधीचे. त्यांची एक ताकीद असे: वचनावर थांबायचं नाही, पुढचं पान उलटायचं. म्हणून परवा दावीद राजाची गोष्ट काढली. मुलाच्या, अबशालोमाच्या, बंडात राजा पळत निघालाय आणि शिमी नावाचा माणूस त्याला शिव्याशाप देत दगड मारतोय. राजाचा सरदार अबीशय म्हणतो, ह्याचं डोकंच उडवतो. दावीद म्हणतो, देऊ दे त्याला शाप. उपदेशात गोष्ट इथंच संपते. पुढं राजा परत येतो, शिमी पाया पडतो आणि दावीद शपथ घालून सांगतो की तू मरणार नाहीस. आणखी पुढं, १ राजे, दुसरा अध्याय: दावीद मरणाला टेकलाय आणि गादीवर बसणाऱ्या मुलाला, शलमोनाला, सांगतोय, त्या शिमीला सोडू नकोस, त्याचं पिकलेलं डोकं रक्तानिशी खाली जाऊ दे. एवढी वर्षं त्यानं ते पोटात ठेवलं होतं! हे वाचल्यावर मला माझ्या गप्प बसण्याची भीतीच वाटली.

गालाचं म्हणाल तर येशूच्या स्वतःच्या गालावर बसली तेव्हा काय झालं, तेही लिहिलेलं आहे. याजक हन्नापुढं चौकशी चालली असताना एका कामदारानं त्याला चपराक मारली. येशूनं उलट हात उचलला नाही, शिवी दिली नाही, पण मुकाट्यानंही राहिला नाही. मी वाईट बोललो असलो तर दाखव, बरोबर बोललो असलो तर का मारतोस, असं तोंडावर विचारलं. योहान, अठरावा अध्याय. शिष्य पेत्राला साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलं तो मत्तयाचा अध्यायही अठरावाच, आणि त्यातच आधी सांगितलंय की भावानं अपराध केला तर एकट्यानं जाऊन त्याला तो दाखव. सत्तर वेळांचं सगळ्यांना पाठ असतं. एकट्यानं जाण्याचं कुणी काढत नाही, कारण ते जड जातं.

आज संध्याकाळी तो धुऱ्यावर एकटाच दिसला. पानठेल्यावर मी हे बोलूच शकलो नसतो.

"दादा, धुऱ्याचं मी खोटं बोललो असन तं दाखव. खरं बोललो असन, तं माया बापाले अन् देवाले मधी काऊन आनतं?"

तो बैलांकडे बघत राहिला. "शिमग्याच्या दिवसात बोलते मानूस."

"शिमगा झाला आता."

"हाव."

एवढंच. माफी त्यानं मागितली नाही. मी मनातून त्याला सोडलंय, हे त्याला सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर उपकार केल्यासारखं झालं असतं. बायको म्हणते, क्षमा केली ना, मग मोजणीचा अर्ज कशाला? मला त्यात विरोध दिसत नाही. शिवी माझी होती, ती मी सोडली. तास लेकरांच्या वाट्याचं आहे. मोजणी होईल, दगड रोवले जातील, मग दरवर्षी नांगरताना त्यालाही कुणी चोर म्हणणार नाही.

फी अर्धी-अर्धी भरू म्हणालो. "पाहू," म्हणाला.